मुंग्यांची ओळ

डोळे तपासणीची गाडी वस्तीत शिरली की आधी कोंबड्या पळायच्या, मग पोरं धावत यायची आणि सगळ्यात शेवटी मोठ्या सिस्टर दवाखान्याच्या पायरीवर येऊन उभ्या राहायच्या, कमरेवर हात ठेवून. "उशीर केलास गं," हे त्यांचं स्वागत. गाडी वेळेआधी आली तरी हेच, टायर फुटून संध्याकाळी आली तरी हेच. गाडीतून उतरणाऱ्या बाईला ते ऐकलं की घरी आल्यासारखं वाटायचं.

ही बाई म्हणजे चष्मिस. बाहेरच्या जगात तिला मॅडम म्हणतात, तिचे केस पिकलेत, डोळे तपासण्यात तिची हयात गेली. पण ती याच खाणीच्या वस्तीतली पोर, आणि इथे तिला दुसरं नाव नाही. ज्यांनी तिला तोंडावर चिडवलं ते सगळे आता आजोबा झालेत, तरी 'चष्मिस आली' असंच ओरडतात.

यंदाही सिस्टर पायरीवर आल्या. कमरेवर हात ठेवले. "उशीर केलास गं," म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण ड्रायव्हरला. ड्रायव्हर चांगला धिप्पाड, मिशाळ माणूस. तो पोट धरून हसला, त्याला वाटलं म्हातारी गंमत करतेय. चष्मिसही हसली, पण तिने सिस्टरांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं.

पेट्या उतरवेपर्यंत मिशनच्या व्यवस्थापकाने तिला बाजूला घेतलं. तरुण मुलगा, बाह्या दुमडलेल्या, मनाने सरळ. कुठल्या तरी दूरच्या गावांतले लोक या वस्तीसाठी पैसा आणि औषधं पाठवतात, त्यातून हा दवाखाना आणि ही शाळा चालते, आणि ते सगळं सांभाळताना त्या पोराची तारांबळ उडते.

"मॅडम, एक नाजूक काम आहे," तो म्हणाला. "सिस्टरांचं वय झालं. मिशनच्या समितीचं म्हणणं असं, की नजर चांगली असेल तर राहू द्या त्यांना इथेच. नसेल तर शहरातल्या वृद्धाश्रमात नेऊ. छान आहे हो ते. नर्स आहे, गरम पाणी आहे, लिफ्टसुद्धा आहे."

"सिस्टरांना लिफ्ट कशाला? त्या आयुष्यात कधी माडीवर राहिल्या नाहीत."

"तुम्ही फक्त डोळे बघा," तो ओशाळून म्हणाला. "तुम्ही सांगाल ते समिती मानेल."

म्हणजे निवाडा चष्मिसच्या गळ्यात. बरं, सिस्टरांना हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. त्या दवाखान्यात बसून वस्तीतल्या चुलीवर काय शिजतंय ते सांगायच्या, त्यांना समितीचं काय लपणार? आणि शहरात 'जरा' गेलेल्या माणसाचं काय होतं तेही त्यांनी पाहिलं होतं. स्वयंपाकाच्या मावशी गुडघे दाखवायला गेल्या, 'आलेच' म्हणून गेल्या, त्या आजतागायत येताहेत. त्यांच्या खोलीत आता जनरेटर राहतो.

चष्मिस खोलीत शिरली आणि नेहमीसारखी उंबऱ्यातच थांबली. फिनेल आणि खडूची भुकटी, या दोन वासांचं लग्न जगात आणखी कुठे लागलं नसेल. मिशनने बांधलेली खोली एकच. सकाळी तिच्यात शाळा, दुपारी दवाखाना. सकाळी ज्या बाकावर पोरं पाढे म्हणायची, त्याच बाकावर दुपारी त्यांच्या आया खोकत बसायच्या. फळ्यावर बेरजेखाली जुलाबाच्या औषधाची मात्रा लिहिलेली असायची आणि घाईत कुणी ती बेरजेत धरायचं. जखमेची पट्टी बांधून घेताना बायका पोरांच्या कविता पाठ करायच्या. आता औषधांचं कपाट नवं आहे, पंखा आहे, बाक लोखंडी आहेत. पण जमिनीवरची पांढऱ्या रंगाची रेघ तीच, आणि समोरच्या भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ताही तोच. कडा पिवळ्या पडलेल्या, एक कोपरा उंदराने खाल्लेला.

त्या तक्त्याने सगळी वस्ती साक्षर केली. शाळा सुरू झाली तेव्हा मिशनची पुस्तकांची पेटी मोठ्या थाटात उघडली गेली, तर आतली पुस्तकं भलत्याच भाषेत, पानोपानी जहाजांची चित्रं. पोरांना जहाजं आवडली, पण त्यावर अक्षर कसं शिकवणार? शाळेच्या बाई हुशार. त्यांनी छडी उचलली आणि समोर जी छापील अक्षरं टांगलेली होती ती शिकवायला घेतली. वरचं भलंमोठं 'र', त्याखाली 'ग म', त्याखाली 'ट प ल', असं लहान लहान होत होत सगळ्यात खालची बारीक ओळ. तिला पोरं मुंग्यांची ओळ म्हणायची. खाणीच्या वस्तीत कुणी एखादं काम पुरं केलं की अजूनही म्हणतात, "मुंग्यांपर्यंत केलं." बाहेरच्या माणसाला काही कळत नाही.

खरी पुस्तकं पुढे आली, पण वहिवाट मोडली नाही. रोज सकाळी आधी तक्ता, मग बाकीचं. त्याच तक्त्यावर वर्षातून एकदा पोरांचे डोळे तपासले जायचे आणि मिशनला मोठ्या अभिमानाने कळवलं जायचं, की आमच्या शाळेत एकाही मुलाची नजर अधू नाही! कशी असेल? झोपेतून उठवलं तरी पोरं मुंग्यांपर्यंत म्हणून दाखवायची. इतक्या शहाण्या माणसांच्या हे ध्यानात येऊ नये याची आज गंमत वाटते. तेव्हा मात्र त्यात एका मुलीचा जीव अडकला होता, पण ते पुढे सांगू.

दुपारी दवाखाना भरला. एक पोरसवदा आई लेकराचे चिकटलेले डोळे दाखवायला आली. सिस्टरांनी लेकराला मांडीवर घेतलं, तोंडभर बोलल्या, कापसाने डोळे पुसले. हात अजून तेच, लोण्यासारखे. मग कपाटाकडे न बघताच हात लांबवून त्यांनी बाटली काढली. "दोन दोन थेंब घाल, दिवसातून तीनदा."

चष्मिसने बाटलीकडे पाहिलं. ते कानाचं औषध होतं. कुणीतरी कपाट पुसताना बाटल्यांची जागा बदलली असणार. तिने झाकण घट्ट करते असं म्हणून बाटली हातात घेतली आणि पाठ फिरवून बदलून दिली. सिस्टरांना कळलं नाही. आणि त्यांना कळलं नाही याचंच चष्मिसला रडू आलं. ज्या बाईने नुसत्या वासावरून औषध ओळखून एका कंपाउंडरला घाम फोडला होता, ती ही.

रोगी पांगल्यावर व्यवस्थापक येऊन उभा राहिला. "आता सिस्टरांची पाळी," तो उगाच हसत म्हणाला.

सिस्टर उठल्या. बाकाच्या कडेला हात लावत लावत, जणू बाक पुसताहेत अशा, रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या. एक डोळा तळव्याने झाकला आणि सुरू केलं. "र. ग, म. ट, प, ल..." थेट मुंग्यांपर्यंत. अडखळणं नाही, डोळे बारीक करणं नाही. दुसरा डोळा झाकला, पुन्हा तेच, आणखी जोरात.

"वा!" व्यवस्थापक खूश झाला. "माझ्यापेक्षा चांगली नजर आहे. मिटलं तर मग!"

"टॉर्च मारून बघायचंय अजून," चष्मिस म्हणाली.

टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाहुल्यांमागे दुधावर धरावी तशी साय दिसली. पिकलेला मोतीबिंदू. या डोळ्यांना तक्ता तर सोडाच, भिंतीवर खिडकी कुठे आहे तेही धड दिसत नसणार. सिस्टरांनी टॉर्च हाताने बाजूला सारला. "वाचलं ना मी सगळं?" त्या म्हणाल्या. "एक अक्षर तरी चुकलं?"

"नाही चुकलं."

तेवढ्यात व्यवस्थापकाचा फोन वाजला आणि तो अंगणात गेला. चष्मिस टॉर्च हातात धरून तशीच उभी राहिली. 'नजर चांगली आहे' असं म्हटलं तर सिस्टर इथेच राहतील आणि एक दिवस कुणाच्या तरी लेकराच्या डोळ्यात भलतंच औषध जाईल. खरं सांगितलं तर सिस्टर जातील. आणि सिस्टर गेल्या तर या खोलीत काय उरलं? फिनेल आणि खडू.

आता ती मुलगी.

ती मुलगी अर्थातच चष्मिस, पण तेव्हा तिचं नाव धडपडी होतं. दाराला धडक, बादलीला धडक, एकदा तर उभ्या गाढवाला धडक. फळा तिला दिसायचाच नाही. फळ्याच्या जागी नुसतं काळं काहीतरी दिसायचं आणि त्यावर बाईंचा हात हलायचा. पण कान असे तिखट, की बाईंनी एकदा म्हटलेलं ती कधी विसरायची नाही. डोळ्यांचं काम कानांनी चालवून तिने शाळा रेटली. सांगायची मात्र सोय नव्हती. शेजारच्या मुलीला ऐकायला कमी येतं हे तपासणीत निघालं, तेव्हा तिच्या बापाने दुसऱ्या दिवशी तिला शाळेतून काढून खडी फोडायला बसवली. धडपडीची आई तर वाटच बघत होती. धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. तिला निमित्त मिळायचा अवकाश होता.

त्या वर्षी मिशनचे पाहुणे यायचे म्हणून खोलीला चुना काढला होता. तक्ता उतरवून कपाटामागे ठेवला होता. तपासणीच्या दिवशी सिस्टर खिळा ठोकून तक्ता कुठे गेला ते शोधत होत्या. पोरं दंगा करत होती. आपली पाळी आली असं समजून धडपडी तरातरा पुढे गेली, रेघेवर पाय जुळवून उभी राहिली, एक डोळा झाकला आणि खणखणीत आवाजात सुरू झाली, "र! ग, म! ट, प, ल!"

समोर कोरी भिंत. ओला चुना आणि एक खिळा. आणि ही पोर त्या भिंतीवरून एकेक ओळ खाली उतरत थेट मुंग्यांपर्यंत वाचून मोकळी.

वर्गात हशा पिकला. सिस्टरांनी नुसता हात वर केला तसा तो थांबला. त्या तिच्याजवळ आल्या. "शाब्बास," म्हणाल्या, "एक अक्षर चुकलं नाही. आता जरा माझ्याबरोबर चल." तिचं बोट धरून त्या भिंतीकडे निघाल्या. एकेक पाऊल टाकत, मध्ये थांबत, "इथून काय दिसतं? आता काय दिसतं?" असं विचारत. नाकाला चुना लागेपर्यंत गेल्यावर धडपडी म्हणाली, "भिंत." आणि तिने असा काही हंबरडा फोडला की खाणीतले मजूर हातोडे थांबवून वर बघू लागले. पकडली गेली म्हणून ती रडत नव्हती. शाळा कायमची सुटली म्हणून रडत होती.

संध्याकाळी सिस्टर खाणीचा चढ चढून तिच्या घरी आल्या. हातात चष्मा होता, मिशनच्या पेटीतून निघालेला, परमुलखातल्या कुणा आजोबांचा, जाड तपकिरी चौकटीचा. तो मुलीच्या कानांवर राहीना म्हणून मागून नाडी बांधली. मुलीने वर पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर, सुरकुतीसुरकुतीत दगडाची धूळ बसलेली असते हे तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तोवर तिला वाटायचं आईचा रंगच तो.

आई म्हणाली, "उपकार झाले, सिस्टरबाई. पण अधू डोळ्यांच्या पोरीला शिकवून काय करू? चष्मा ठेवून जा. घरात धाकट्याला सांभाळताना उपयोगी पडेल."

"ठेवून कशी जाऊ?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "चष्मा मिशनचा आहे, बाई. तो रोज शाळेत हजर लागतो. मिशनचा नियमच आहे, चष्मा जिथे, मुलगी तिथे. धाकट्यालाही पाठवा हवं तर, बाकाखाली झोपेल."

असा नियम जगाच्या पाठीवर कुठे नव्हता. चढ चढताना धाप लागली म्हणून थांबले आणि तेव्हा तो सुचला, असं सिस्टरांनीच पुढे खूप वर्षांनी सांगितलं. पण आई पडली सरळमार्गी. दुसऱ्याची काडीही घरात न ठेवणारी. मिशनची वस्तू वेळेवर पोचायला हवी या धसक्याने ती रोज सकाळी चष्मा पदराने पुसायची, मुलीच्या डोळ्यांवर चढवायची आणि हाकलायची. ताप असला तरी हाकलायची. त्या चष्म्याच्या मागून चालत चालत धडपडी कुठल्या कुठे पोचली.

आणि आज तीच तक्त्यासमोर उभी होती. व्यवस्थापकाचा फोन अंगणात लांबत चालला होता. तिने पुढे होऊन तक्ता खिळ्यावरून अलगद काढला आणि पाठीमागे धरला. भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा चौकोन उरला.

"सिस्टर," ती म्हणाली, "एकदा परत वाचता? माझ्यासाठी."

"आता आणखी काय!" सिस्टर फणकारल्या. पण रेघेवर गेल्या. डोळा झाकला. "र. ग, म. ट, प, ल. न, स..."

त्या कोऱ्या भिंतीवरून खाली उतरत होत्या आणि चष्मिसच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायची गरज नव्हती. समोरच्या माणसाला ते दिसणार नव्हतं.

"शाब्बास," ती म्हणाली. "एक अक्षर चुकलं नाही. आता जरा माझ्याबरोबर चला."

सिस्टरांनी डोळ्यावरचा हात खाली घेतला. हे शब्द कुणाचे आहेत ते त्यांना बरोबर कळलं. चष्मिसने त्यांचं बोट धरलं. भिंतीपर्यंत गेल्यावर सिस्टरांनी हात पुढे करून चाचपलं. कागद लागला नाही, खिळा लागला.

"नालायक कार्टी," त्या पुटपुटल्या. मग बाकावर बसल्या. पोरांसाठी केलेला बाक, गुडघे वर आले. म्हणाल्या, "मला नाही जायचं गं इथून. मला इथलं सगळं ठाऊक आहे. कुठली फरशी हलते, कुणाची पोर कुठल्या बाकावर बसायची. तिथे गेले तर मी नुसती एक आंधळी म्हातारी होईन."

"ऑपरेशन केलं तर दिसेल. स्वच्छ दिसेल."

"माहीत आहे मला. मी नर्स आहे का कोण? पण ऑपरेशनला शहरात जावं लागतं. आणि शहरात गेलेलं माणूस..." त्यांनी जनरेटरच्या खोलीकडे हात केला. तो बरोबर त्याच दिशेला गेला.

अंगणात फोन संपला. व्यवस्थापक आत आला आणि चष्मिसच्या हातातला तक्ता, कोरी भिंत, बाकावरच्या सिस्टर असं सगळं बघून दारातच थांबला.

"मोतीबिंदू आहे," चष्मिस म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत. आता तपासणीच्या गाडीतून मी स्वतः त्यांना घेऊन जाणार, मोतीबिंदू काढून दोन्ही डोळ्यांत काच बसवून घेणार आणि त्याच गाडीतून परत आणणार."

"परत? पण समिती म्हणत होती..."

"काच आमच्या तपासणीच्या मोहिमेची असते. ती वेळोवेळी दाखवावी लागते, आणि आमची गाडी येते ती याच खोलीत. वृद्धाश्रमात गाडी जात नाही." तिने श्वास घेतला. "आमचा नियम आहे. काच जिथे, सिस्टर तिथे."

सिस्टरांनी झटकन मान वर केली. दिसत काही नव्हतं, तरी त्या आवाजाच्या दिशेने बघत राहिल्या, आणि त्यांच्या ओठांचा कोपरा थरथरला.

"असा नियम आहे?" व्यवस्थापकाने विचारलं.

"आहे. जुना आहे."

पोरगा काही बुद्दू नव्हता. त्याने पुन्हा एकदा भिंतीवरचा पांढरा चौकोन पाहिला, मग दुमडलेली बाही उगाचच आणखी दुमडली. "नियम असेल तर समितीचा नाइलाज आहे," तो म्हणाला. "तसं कळवतो मी."

शहरातला मुक्काम सांगण्यासारखा नाही. सिस्टरांनी तिथल्या नर्सेसना पट्टी बांधायला शिकवलं, जेवणाला नावं ठेवली आणि लिफ्टमध्ये पाऊल टाकलं नाही, जिन्यानेच चढल्या. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर त्यांनी चष्मिसकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. "इतकी पिकलीस कधी तू?" म्हणाल्या. "मी तर अजून नाडीचा चष्मा बघत होते."

गाडी वस्तीत शिरली तेव्हा सकाळ होती, शाळेची वेळ. कोंबड्या पळाल्या, पोरं धावत आली. पायरीवर मात्र या खेपेला कुणी नव्हतं, कारण पायरीवर उभी राहणारी गाडीतून उतरत होती. बाहेर येताच त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "मिशा कापा जरा. ओठ दिसत नाहीत." मग कुणाचा हात न धरता तडक खोलीत शिरल्या. पोरं बाकांवर बसली.

चष्मिसने शहरातून नवा तक्ता आणला होता. अक्षरं वेगळी, ओळी वेगळ्या. तो तिने जुन्या खिळ्याला अडकवला आणि जुना जपून गुंडाळून पेटीत ठेवला. सिस्टर रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या. हात कमरेवर. वर्गात चिडीचूप.

"ब," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. डोळे बारीक केले, पुढे झुकल्या. "च... आणि... थांबा हं... ह. नाही, ड. ड आहे." अशा अडखळत, मागे जात, पुन्हा सुरू करत त्या खाली उतरू लागल्या. ज्या सिस्टर डोळे झाकून मुंग्यांपर्यंत म्हणायच्या त्यांना आज तिसरी ओळ सुटेना. पहिल्या बाकावरच्या मुलीने शेजारणीला कोपर मारलं. कुणीतरी फिसकन हसलं. "अगं बाई, सिस्टरांना वाचता येत नाही!"

सिस्टर वळल्याही नाहीत. त्यांचे नवे डोळे मुंग्यांच्या ओळीवर खिळले होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

"गप्प बसा गं," त्या म्हणाल्या. "मी पहिल्यांदाच वाचतेय."